वाचकांचे प्रश्न : गाय, डुक्कर आणि गाढव

मागच्या अंकात चिनी-इंग्रजी शब्दकोशांबद्दल मी ओझरतं लिहिलं होतं, अनुवादकाला ते कितपत पुरे पडतात एवढंच. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली पाच निवडली आहेत. माझी चूक काढणारं पत्र आधी घेते, म्हणजे ते एकदाचं उरकेल.

प्रश्न : ‘यी-शांग’चा अर्थ तुम्ही ‘पेक्षा जास्त’ असा दिलात. मी व्यापारी करार तपासतो. ‘१० दिवस यी-शांग’ म्हटलं की आम्ही दहावा दिवसही धरतो. तुमचं बरोबर की आमचं?

उत्तर : तुमचं, आणि यात वादाला जागाच नाही. चीनची नागरी संहिता १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. तिच्या १२५९व्या कलमात स्वच्छ लिहिलंय की ‘यी-शांग’, ‘यी-श्या’ (किंवा त्याहून कमी), ‘यी-नेइ’ (च्या आत) या शब्दांत तो आकडा धरायचा आणि ‘छाओ-ग्वो’ म्हटलं तर धरायचा नाही. म्हणजे ‘१० दिवस यी-शांग’ हे ‘१० किंवा त्याहून अधिक दिवस’ झालं. ‘१० दिवसांपेक्षा जास्त’ला ‘छाओ-ग्वो’ लागेल.

लाज वाटायची गोष्ट ही की याच शब्दावर मी पूर्वी एकदा आपटले आहे. पुरवठ्याच्या एका करारात दंडाचं कलम होतं, ते मी ‘१० दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्यास’ असं लिहून मोकळी झाले. माल आला नेमका दहाव्या दिवशी. मग दुपारभर फोन. तेव्हा मी जो छोटा कोश वापरत होते त्यात या शब्दापुढे ‘मोअर दॅन, ओव्हर, अबव्ह’ एवढे तीनच इंग्रजी शब्द होते. बोलताना कोणी ‘शंभराच्या वर माणसं होती’ म्हणतं, तिथे शंभरावं माणूस मोजलं की नाही याची कोणाला फिकीर नसते, आणि तिथे ते तीन शब्द चालून जातात. करारात त्याच एका माणसावरून भांडण होतं. ‘कायद्याच्या भाषेत आकडा धरून’ असे चार शब्द कोशकाराने जोडले असते तर माझा फोन वाजला नसता. मागचा अंक लिहिताना मात्र कोश उघडलाच नव्हता. डोक्यात बसलेलं तेच जुनं बाहेर आलं. याचा दोष कोशाला देता येत नाही.

प्रश्न : तीन वर्षं चिनी शिकते आहे. आता अनुवाद करून बघायचाय. एकच चिनी-इंग्रजी कोश घ्यायचा तर कोणता घेऊ? ज्यात शब्द सगळ्यात जास्त तो चांगला, असं धरून चालू का?

उत्तर : असं धरू नका. शब्दसंख्या ही वेष्टनावर छापायची गोष्ट आहे. कोणताही कोश हातात घेतला की मी आधी एक बघते, की हा केला कोणासाठी?

बीजिंगच्या परकीय भाषा संस्थेत वू जिंग-रोंग यांच्या संपादनाखाली तयार झालेला चिनी-इंग्रजी कोश १९७८ साली निघाला आणि १९९५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. काम भक्कम आहे, पण ते प्रामुख्याने इंग्रजीत लिहू पाहणाऱ्या चिनी माणसासाठी. त्या माणसाला चिनी शब्द कळलेलाच असतो, त्याला हवं असतं तयार इंग्रजी वाक्य. म्हणून त्यात उदाहरणं भरपूर. पहिल्या आवृत्तीतली बरीचशी त्या काळच्या राजकारणाने माखलेली आहेत, वाचताना मजा येते. आपलं अडतं ते नेमकं उलट बाजूला. चिनी शब्दाची छटा आपल्याला उमगलेली नसते. तिथे हा कोश एक सफाईदार इंग्रजी शब्द पुढे करतो आणि गप्प बसतो.

जॉन डीफ्रान्सिस यांचा ‘एबीसी’ कोश १९९६ मध्ये हवाई विद्यापीठाने काढला. तो परदेशी विद्यार्थ्यासाठी आहे. त्यात अख्खा शब्द पिनयिनमधल्या, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेल्या, उच्चाराप्रमाणे सरळ अकारविल्हे लावलाय, आधी पहिलं चित्राक्षर शोधा मग त्याच्या पोटात शिरा ही कटकट नाही. शब्द कानावर पडलाय पण कसा लिहितात ठाऊक नाही, अशा वेळी त्याच्यासारखा सोबती नाही. शब्दाची जात तो सांगतो, सारख्या उच्चाराच्या शब्दांत जास्त वापरातला कोणता हेही सांगतो. उदाहरणांच्या बाबतीत मात्र हात आखडता.

आता पारखायचं कसं ते सांगते. माझ्याकडे एक वही आहे. काम करताना जिथे जिथे अडले तो शब्द तिच्यात जातो, तारखेसह, आणि खाली कोणत्या कोशाने काय सांगितलं आणि खरं काय निघालं. नवा कोश आला की वहीतले दहा शब्द त्याच्या अंगावर सोडते. त्यातला एक दाखवते.

एका कथेत म्हातारी जिना उतरते आहे. वाक्य होतं ‘छा यीद्येन मेइ श्वाइदाओ’. ‘छा यीद्येन’ म्हणजे जवळजवळ, थोडक्यासाठी. ‘मेइ’ म्हणजे नाही. ‘श्वाइदाओ’ म्हणजे पडणे. कोशातले तीन तुकडे जोडले तर ‘जवळजवळ पडली नाही’, म्हणजे अगदी थोडक्यासाठी का होईना, पडलीच. मी तिला पाडली. दोन पानांनंतर म्हातारी बागेत नाचायला गेली. तेव्हा शंका आली की जिन्यावरून पडलेली बाई एवढ्यात नाचेल कशी. खरा अर्थ होता ‘पडता पडता वाचली’. चिनीत गंमत अशी आहे की गोष्ट नकोशी असेल तर ‘मेइ’ असो वा नसो, अर्थ एकच, ती घडता घडता राहिली. गोष्ट हवीशी असेल तर मात्र ‘मेइ’ने अर्थ उलटतो. गाडी पकडण्याबद्दल ‘मेइ’ लावून बोललं तर गाडी मिळाली, पण कशीबशी. ‘मेइ’ काढलं तर गाडी हुकली. झू द-शी या व्याकरणकारांनी हे कोडं नीट उकलून ठेवलंय.

हे मला कुठे सापडलं? कोणत्याही द्वैभाषिक कोशात नाही. ‘श्येनदाय हान्यू त्सद्येन’ या चिनी-चिनी कोशात ‘छाद्यार’ या नोंदीखाली, हवीशी गोष्ट आणि नकोशी गोष्ट अशी फोड करून, उदाहरणांसकट दिलंय. तेव्हा एकच कोश घेणार असाल तर माझं मत विचित्र वाटेल, पण तो चिनी-इंग्रजी घेऊच नका. हा घ्या. सातवी आवृत्ती २०१६ची आहे. तीन वर्षं शिकलेल्या माणसाला पहिले दोन महिने जड जाईल, मग हात बसतो. त्याच्या जोडीला ल्यू शू-श्यांग यांनी संपादलेलं ‘आधुनिक चिनीतले आठशे शब्द’ हे १९८०चं पुस्तक मिळालं तर सोडू नका. आठशेच शब्द आहेत, पण बहुतेक ‘च’, ‘तर’, ‘अजून’, ‘मग’ असले चिल्लर शब्द. अनुवाद बुडतो तो या चिल्लरीत. मोठमोठ्या शब्दांना कोणीही सांभाळून घेतं.

चिनी-इंग्रजी हवाच असेल तर ‘एबीसी’ची २००३ची मोठी आवृत्ती घ्या. नोंदी दोन लाखांच्या जवळपास आहेत. बघा, मीही शेवटी आकडा सांगितलाच.

प्रश्न : घरातल्या जुन्या पुस्तकांत मॅथ्यूजचा चिनी-इंग्रजी कोश सापडला. त्याच्यावर विसंबून अनुवाद करता येईल का?

उत्तर : सांभाळून ठेवा, विसंबू नका. या कोशांचा वंश मिशनऱ्यांचा. रॉबर्ट मॉरिसन यांचा पहिला मोठा कोश १८१५ ते १८२३ या काळात मकाऊत ईस्ट इंडिया कंपनीच्या छापखान्यात छापला गेला. हर्बर्ट जाइल्स हे ब्रिटिश वकिलातीतले, त्यांचा कोश १८९२चा. आर. एच. मॅथ्यूज चायना इनलँड मिशनचे. त्यांचा कोश १९३१ मध्ये शांघायला निघाला, त्यात ७,७८५ चित्राक्षरं आहेत. युद्धाच्या काळात अमेरिकेत चिनी शिकणाऱ्यांची एकदम गर्दी झाली आणि १९४३ मध्ये हार्वर्डने त्याची सुधारित आवृत्ती काढली. नंतर कित्येक वर्षं इंग्रजीतून चिनी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर तोच असे.

अडचण अशी की त्यात हजारो वर्षांची चिनी एकाच रांगेत उभी आहे. कन्फ्यूशियसच्या काळचा अर्थ आणि १९३०च्या वर्तमानपत्रातला अर्थ, मध्ये नुसता अर्धविराम. ‘छ्यू’ घ्या. आजच्या चिनीत ‘जाणे’, पुढे ठिकाण आलं की तिकडे जाणे. प्राचीन चिनीत ‘सोडणे, निघून जाणे’, पुढे ठिकाण आलं की तिथून निघणे. देशाला ‘छ्यू’ केलं म्हणजे माणूस देशात पोचला की देश सोडून गेला, हे मजकूर कोणत्या शतकातला आहे यावर ठरतं. आणि शतक कोणतं हे तो कोश सांगत नाही. शिवाय त्यातली रोमन लिपी पिनयिनच्या आधीची आहे. पिनयिन आलं १९५८ मध्ये. बीजिंगमधलं ‘बेइ’ हवं असेल तर ‘ब’ सोडून ‘प’मध्ये शोधायचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा मजकूर हाती आला तर मात्र मॅथ्यूज उघडावा. त्या काळची हुद्द्यांची आणि कचेऱ्यांची नावं त्यात सापडतात, आजच्या कोशांतून ती गळून गेली आहेत. प्राचीन ग्रंथांसाठी आता पॉल क्रोल यांचा २०१५चा कोश आहे, तो अर्थांचा काळ बघून बोलतो.

प्रश्न : मोबाइलवर शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो. मग एवढा खटाटोप कशाला?

उत्तर : मीही ठेवते बोट. दिवसातून शंभरदा. ‘प्लेको’ हे कोशाचं अॅप नसतं तर माझं अर्धं आयुष्य पानं उलटण्यात गेलं असतं. पण बोटाखाली काय येतं ते पाहून ठेवा.

बऱ्याच अॅपच्या पोटात सीसी-सीईडिक्ट नावाचा चिनी-इंग्रजी कोश असतो. पॉल डेनिसोव्स्की यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या सीईडिक्टचा तो वारस. स्वयंसेवक त्यात भर घालतात, चुका दुरुस्त करतात, आणि नवे शब्द छापील कोशांच्या कितीतरी आधी तिथे येतात. पण एका ओळीत जुनी लिपी, सोपी लिपी, उच्चार आणि तिरक्या रेघांमधले इंग्रजी अर्थ, एवढाच त्याचा संसार. वापराची उदाहरणं नाहीत. पटकन ओळख पटवायला छान, वाक्य लिहायला अपुरा.

दुसरं म्हणजे चिनीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. शब्द कुठे संपतो हे अॅप ठरवतं, आणि ते सहसा लांबातला लांब घास घेतं. शिकवणाऱ्यांचं एक आवडतं वाक्य आहे, ‘येनज्यू शंगमिंग छीय्वेन’, जीवनाच्या उगमाचा अभ्यास करणे. पहिली तीन अक्षरं एकत्र घेतली तर ‘येनज्यूशंग’ होतं, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी. बोट ठेवलं की हा विद्यार्थी उगवतो, आणि मागे उरतं ‘मिंग’, म्हणजे आयुष्य किंवा नशीब. एका होतकरू अनुवादकाने मला खरोखरच ‘विद्यार्थ्याच्या नशिबाचा उगम’ असं लिहून पाठवलं होतं. मी हसले, पण त्याचा कागद जपून ठेवलाय, कारण अर्थ अगदीच लागत नाही असं नाही.

हल्लीच्या वापराबद्दल अॅप बऱ्याचदा छापील कोशाच्या पुढे असतं, हेही कबूल करते. ‘थोंगझ’ म्हणजे कॉम्रेड, हे सगळ्यांना माहीत. गेली काही दशकं तो समलिंगी व्यक्तींसाठीही सर्रास वापरतात. मी वर ज्याचं एवढं कौतुक केलं त्या चिनी-चिनी कोशाने २०१२च्या आवृत्तीत हा अर्थ जाणूनबुजून घेतला नाही, आणि त्यावर वर्तमानपत्रांत चर्चा झाली. अनुवादकाला असला सोवळेपणा परवडत नाही. पात्र कॉम्रेड आहे की नाही हे आपल्याला कळलंच पाहिजे.

प्रश्न : चिनीतून मराठीत आणताना मध्ये इंग्रजी कोशच वापरावा लागतो. त्याने काही बिघडतं का? की कोश तो कोश?

उत्तर : बिघडतं. कसं ते गाईवरून सांगते.

चिनीत एक चार अक्षरी म्हण आहे, ‘दुई न्यू थान छिन’. गाईपुढे वीणा वाजवणे. छिन हे खरं तर चिनी तंतुवाद्य, पण वीणा म्हटलं तरी चालेल. काही चिनी-इंग्रजी कोश तिच्यापुढे इंग्रजीतली डुकरांपुढे मोती टाकण्याची म्हण देतात. इंग्रजी वाचकाची सोय झाली. आता मराठी अनुवादक मूळ न बघता कोशातून ते उचलतो आणि लिहितो, ‘डुकरांपुढे मोती टाकण्यात काय अर्थ’. चिनी पात्राच्या तोंडी बायबल. आणि आपल्याकडे तर ‘गाढवापुढे वाचली गीता’ केव्हाची तयार बसली आहे! तीही लगेच उचलावी असं मी म्हणत नाही. चिनी शेतकऱ्याच्या तोंडी गीता येणार, मग मी बहुतेक वेळा गाय आणि वीणाच ठेवते. मराठी वाचकाला गाढव आठवतंच, समजावून सांगावं लागत नाही. विहिरीतल्या बेडकाचंही तेच. इंग्रजी कोशात ‘संकुचित दृष्टीचा माणूस’ असं कोरडं स्पष्टीकरण असतं आणि आपल्याकडे कूपमंडूक जिवंत आहे.

नात्यांमध्ये तर इंग्रजी कोश म्हणजे मध्ये बसलेला अडत्याच. चिनीत ‘ज्यूज्यू’ म्हणजे आईचा भाऊ, सरळ मामा. ‘गूगू’ म्हणजे आत्या. ‘यीमा’ म्हणजे मावशी. वडिलांचा थोरला भाऊ ‘बोबो’, धाकटा ‘शूशू’. कोशात पहिलाच इंग्रजी शब्द ‘अंकल’ किंवा ‘आंट’, पुढचा कंस वाचायची सवय नसली की संपलंच. मामाचा काका झालेला मी छापील पुस्तकात पाहिलाय. मामा तिकडे होता, आणि इकडेही होता, वाटेत हरवला.

पण मराठी सगळीकडे पुरते असंही नाही. ‘ब्याओग’ म्हणजे वयाने मोठा मामेभाऊ, आतेभाऊ किंवा मावसभाऊ, तिघांपैकी कोणीही. फक्त चुलतभाऊ वेगळा, तो ‘थांगग’. इंग्रजी अनुवादक ‘कझिन’ म्हणून सुटतो. मराठीत तिघांपैकी एक ठरवल्याशिवाय वाक्यच पुढे सरकत नाही. एका कादंबरीत हा ब्याओग कोणाचा हे कळायला मला चाळीस पानं पुढे वाचावी लागली. मावशीचा निघाला. तोवर अनुवादात तिथे कंसात प्रश्नचिन्ह होतं.

आकड्यांचं मात्र छान जुळतं, इंग्रजीला बाजूला सारलं तर. चिनी मोजमाप दहा हजारांच्या ढिगाने चालतं, त्याला ‘वान’ म्हणतात. दहा वान म्हणजे बरोबर एक लाख. हजार वान म्हणजे बरोबर एक कोटी. त्यापुढे ‘यी’, म्हणजे दहा कोटी. ३० वान म्हटलं की ३ लाख, १४ यी म्हटलं की १४० कोटी, काम संपलं. कोशातल्या ‘टेन थाउजंड’, ‘हंड्रेड मिलियन’मधून गेलात की दोनदा गुणाकार आणि एखादं शून्य इकडे-तिकडे. रक्कम आली की मी कोश बंद करते आणि वान मोजते.

तेव्हा इंग्रजी कोश वापरा, पण साक्षीदारासारखा. साक्ष घ्यायची, निकाल त्याला द्यायला लावायचा नाही. ‘य्वेनझ शांग’ला तो ‘इन प्रिन्सिपल’ म्हणेल आणि आपण ‘तत्त्वतः’ लिहून मोकळे होऊ. चिनी नियमावलीत ‘य्वेनझ शांग परवानगी नाही’ याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की एरवी नाही, पण वरून मंजुरी आणली तर बघू. मी तिथे ‘सहसा’ किंवा ‘एरवी’ लिहिते. ‘तत्त्वतः’ लिहिलं की दार बंद झाल्यासारखं वाटतं, आणि मुळात ते किलकिलं ठेवलेलं असतं.

जाता जाता, याच पत्राच्या तळाशी एक उपप्रश्न होता : कोशात शब्दच नसेल तर चित्राक्षरांचे सुटे अर्थ जोडावेत का? आधी मोठ्याने उच्चारून बघा. ‘शा’ म्हणजे वाळू आणि ‘फा’ म्हणजे पाठवणे, यांची मोट बांधत मी एकदा बराच वेळ बसले होते. शब्द होता ‘शाफा’, म्हणजे सोफा. काही वर्षांनी तोच शब्द इंटरनेटवरच्या मजकुराखाली पुन्हा भेटला, कोणीतरी आनंदाने नुसतं ‘सोफा!’ असं लिहिलं होतं. तिथे त्याचा अर्थ होता, पहिली प्रतिक्रिया माझी. वहीत ‘शाफा’पुढे आता दोन तारखा आहेत.